हिदा-फुरुकावा: सेतोगावाचा पाट, पांढऱ्या भिंतींच्या वखारी आणि हजार मासे

कानकाठची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं आम्ही नागोयात राहतो. इथे येणारा प्रत्येक पाहुणा ताकायामा बघतो, शिराकावागोची गवती छपरांची घरं बघतो आणि परत जातो. ताकायामाच्या पुढे गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांवर हिदा-फुरुकावा आहे, तिथे फारसं कोणी उतरत नाही. म्हणून हा धागा.

माझ्या दोन फेऱ्या झाल्या. पहिली दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, मी आणि नवरा. मी फोटो बघून गेले होते: दगडी काठांचा अरुंद कालवा, त्यात लाल-पांढरे कोई मासे, मागे चुन्याच्या पांढऱ्या भिंती. पोचलो तर कालव्यात एकही मासा नाही. दोन्ही बाजूंना कमरेएवढं बर्फ, आणि एक आजोबा फावड्याने दारातलं बर्फ ओढून पाण्यात ढकलत होते. पाणी ते घेऊन जात होतं. मला वाटलं आपण चुकीच्या गल्लीत आलो. मोडक्या-तोडक्या जपानीत आजोबांना विचारलं, ‘मासे कुठे आहेत?’ त्यांनी फावडं टेकवलं आणि सांगितलं, मासे हिवाळ्यात दुसरीकडे राहतात, एप्रिलमध्ये येतील. नोव्हेंबरच्या अखेरीस गावकरी पाण्यात उतरून, जाळी लावून सगळे मासे पकडतात आणि गावातल्याच एका तळ्यात नेऊन सोडतात. मग हिवाळाभर हा कालवा बर्फ वाहून न्यायला मोकळा. बर्फ विरघळलं की मासे परत.

तेव्हा मी हिरमुसले होते. आज वाटतं, बरं झालं आधी तो मोकळा कालवा बघितला. नाहीतर मीही तो शोभेचाच समजले असते.

दुसरी फेरी आत्ता, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. यावेळी आई-बाबा सोबत होते. आईचं माहेर साक्री तालुक्यातलं, बालपण सगळं शेतात गेलेलं. स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटांत आपण सेतोगावाच्या काठी पोचतो (‘गावा’ म्हणजे नदी, पण रुंदी जेमतेम दीड मीटर). आईने पाण्याकडे बघितलं, मग वरच्या अंगाला पाणी कुठून येतंय ते बघितलं, आणि एकदम अहिराणीत म्हणाली, “हाऊ ते पाटच शे, माय!”

आणि तो पाटच आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, इथल्या मासुशिमा किल्ल्याच्या खंदकाचं पाणी वळवून भातशेतीसाठी हा कालवा काढला. किल्ला गेला, पाट राहिला. पुढे काठाने गाव दाटलं तसं हेच पाणी आग विझवायला, धुण्याला, भांड्यांना आणि हिवाळ्यात बर्फ ढकलायला कामाला आलं.

पांढऱ्या वखारींबद्दल एक गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही. फोटोत दिसतो तो रस्ता म्हणजे गावाची मागची बाजू, परसदार. दुकानं, साके (तांदळाची दारू) बनवणाऱ्यांच्या पेढ्या, व्यापाऱ्यांची घरं यांची तोंडं पलीकडच्या इचिनोमाची या रस्त्याला आहेत. घरं अरुंद आणि खोल. पुढे दुकान, मध्ये राहती जागा, अंगण, आणि सगळ्यात मागे, पाण्याला लागून वखार. तांदूळ, साके, कागदपत्रं, लग्नाकार्याची भांडी असं जपायचं ते सगळं तिथे. वखारींची ओळ पाण्याच्या काठी आली ती अशी. नटवायला म्हणून ती कोणी तिथे मांडलेली नाही.

भिंती वरून पांढऱ्या, खाली काळपट लाकडी फळ्या. ऊन पश्चिमेला झुकलं की पाण्यावरचा उजेड त्या पांढऱ्यावर हलत राहतो. पाटावर लहान लहान दगडी फरशा टाकून घराघरांकडे जायची वाट केली आहे, आणि प्रत्येक फरशीखालून मासे येतात-जातात. एक अगदी मोठा पांढरा मासा होता, डोक्यावर लाल ठिपका. तो एकाच जागी प्रवाहाकडे तोंड करून उभा होता, नुसते कल्ले हलत होते. बाबा अर्धा तास त्याच्यासमोर बसले. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते इतका वेळ एका जागी आपणहून, कुरकुर न करता बसलेले मी पहिल्यांदा बघितले.

माशांचं खाद्य काठावरच ठेवलेलं असतं. पैसे डब्यात टाकायचे आणि एक पुडी घ्यायची. आईने पुडी फोडली, मूठभर खाद्य हातात घेतलं आणि पेरणी करावी तसं थोडं थोडं सोडत पाटाच्या कडेने चालत गेली. मासे तिच्या बरोबर चालले.

फोटो उद्या टाकते. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

---

भटकभवानी | शनिवार, रात्री १०:१५

ताई, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. आम्ही एप्रिलमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन जपानला जातोय. तीन प्रश्न. एक, नागोयाहून एका दिवसात होतं का? दोन, सासूबाईंना जास्त चालवत नाही. तीन, त्या कट्टर शाकाहारी आहेत. अंडंसुद्धा चालत नाही.

---

कानकाठची | शनिवार, रात्री १०:५०

@भटकभवानी, नागोयाहून ‘हिदा’ नावाची एक्सप्रेस निघते. ताकायामापर्यंत साधारण अडीच तास. काही गाड्या तशाच पुढे तोयामाकडे जातात आणि फुरुकावाला थांबतात. बाकीच्यांना ताकायामात उतरून लोकल घ्यावी लागते, आणि लोकल कमी आहेत. म्हणून परतीची गाडी आधी बघून ठेवा, मग फिरा. एका दिवसात होतं, पण मी म्हणेन ताकायामात मुक्काम करा आणि फुरुकावाला सकाळी लवकर जा. सकाळी काठावर फक्त घरची माणसं असतात, झाडू मारत असतात.

चालणं अगदी कमी. वखारींचा रस्ता साधारण पाचशे मीटर, सपाट. बसायला जागा आहेत.

शाकाहाराचं खरं सांगते, अवघड आहे. वरण-भाजीसारख्या दिसणाऱ्या कशातही माशाचा ‘दाशी’ (अर्क) असतो, नूडल्सच्या पाण्यात तर हमखास. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि फळं घेऊन गेलो. तिथे निर्धास्त खाता आलं ते दांगो: तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला लावून निखाऱ्यावर भाजतात. इतर भागांत त्यावर गोड चिकट रस घालतात, पण हिदा भागात नुसता सोया सॉस लावतात. तरी घेताना एकदा विचाराच. आईने तीन काड्या खाल्ल्या. कचरापेट्या जवळपास नाहीतच, काड्या आणि कागद पिशवीत घालून परत आणायचे.

एप्रिलची तारीख काय? १९ आणि २० एप्रिलला फुरुकावाची जत्रा असते. १९ च्या रात्री उघड्या अंगाने, कमरेला पांढरं कापड बांधलेले शेकडो पुरुष एक प्रचंड नगारा लाकडी मांडवावर चढवून गावभर फिरवतात. दोघे जण त्यावर पाठीला पाठ लावून बसतात आणि वरून हाणतात. गल्लीगल्लीतून लहान ढोल घेऊन तरुण पोरं त्यांच्यावर चाल करून येतात. दुसरा दिवस कोरीव रथांचा. जपानमधल्या अशा ३३ रथोत्सवांना २०१६ साली युनेस्कोच्या यादीत एकत्र स्थान मिळालं, त्यात फुरुकावाही आहे. त्या दोन दिवसांत मुक्कामाला जागा मिळणं मात्र कठीण.

---

भटकभवानी | शनिवार, रात्री ११:०५

१७ ला पोचतोय! प्लॅन बदलते. मनापासून धन्यवाद.

---

चुनखडी | रविवार, सकाळी ७:३०

मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतो. कोठारांच्या भिंतींविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या इमारतींना जपानीत ‘दोझो’ म्हणतात, मातीची कोठी. दिसतात पांढऱ्या, पण पांढरा थर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ असतो. आत सगळी माती.

लाकडी सांगाडा उभा करायचा, त्यात बांबूच्या कामट्यांची जाळी, ती भाताच्या पेंढ्याच्या सुंभाने बांधायची. मग बारीक चिरलेला पेंढा घालून मुरवलेली माती दोन्ही बाजूंनी लिंपायची. एक थर पूर्ण वाळला की दुसरा. घाई केली की भेगा पडतात, म्हणून काम कित्येक महिने आणि कधी वर्षावर जातं. शेवटी भिंत वीत-दीड वीत जाड होते. त्यावर ‘शिक्कुई’ हा चुन्याचा गिलावा.

या गिलाव्यात आपल्याशी जुळणारं बरंच आहे. आपण चुन्यात वाळू आणि सुरखी घालून घाणीत मळतो, गुळाचं पाणी, भिजवलेला हिरडा, कुठे बेलफळ, धाग्यासाठी ताग वापरतो. ते लोक चुन्यात सणासारख्या झाडाचे चिरलेले धागे घालतात आणि चिकटपणासाठी ‘फुनोरी’ नावाचं समुद्रशेवाळ उकळून त्याचा लगदा. गूळ आणि शेवाळ एकच काम करतात: चुन्यातलं पाणी लगेच सुटू न देणं, म्हणजे थापी फिरवायला वेळ मिळतो. माझे जुने गवंडीकाका म्हणायचे, चुना तहानलेला मेला की पावडर होतो. फुरुकावाच्या गवंड्याला हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही.

आता मुद्दा आगीचा. अशी कोठी आगीसाठीच बांधतात. खिडक्यांची दारं बघितली असतील तर त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या असतात, तीन-चार टप्प्यांच्या. दोन्ही झडपांच्या पायऱ्या एकमेकींत घट्ट बसतात. आग जवळ आली की दारं लावायची आणि राहिलेल्या फटी ओल्या मातीने लिंपून टाकायच्या. त्यासाठी भिजवलेली माती कोठीजवळ कायम तयार ठेवायची पद्धत होती. आग विझल्यावरही कोठी लगेच उघडत नसत. आतली हवा तापलेली असते, दार उघडून ताजी हवा आत गेली की सगळं भडकतं. थांबायचं, भिंतीला हात लावून बघायचं.

ताई, दारांचा जवळून फोटो असेल तर टाका.

---

कानकाठची | रविवार, सकाळी ९:१०

@चुनखडी, दादा, तुमचा प्रतिसाद आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पायऱ्यांच्या कडांचा फोटो आहे, टाकते. मला वाटलं होतं ती नक्षी आहे!

आगीवरून सांगते. १९०४ साली फुरुकावात मोठी आग लागली आणि बहुतेक गाव जळलं. आज जी जुनी घरं दिसतात त्यातली पुष्कळशी त्यानंतर उभी राहिलेली आहेत. पाटाच्या काठीच एन्कोजी हे बौद्ध मंदिर आहे, ते वाचलं. त्याच्या छपराखाली दोन्ही बाजूंच्या त्रिकोणात लाकडी कासवं कोरलेली आहेत. पाणी बोलावणारी कासवं म्हणतात त्यांना. त्यांच्यामुळेच मंदिर वाचलं असं गावात सांगतात. आईने कासवांना हात जोडले. आपल्या देवळात सभामंडपात असतं ते कासव, तिथे आढ्याखाली आहे, एवढाच काय तो फरक तिच्या दृष्टीने.

आणखी एक गोष्ट दाखवायची राहिली. घराच्या छपराखाली तुळईचं टोक पुढे येतं, तिथे पांढऱ्या रंगाने रंगवलेला छोटा कोरीव लाकडी आधार असतो. त्याला ‘कुमो’, म्हणजे ढग म्हणतात. प्रत्येक सुताराचा ढग वेगळा. कोणाचा वेलबुट्टीचा, कोणाचा लाटेसारखा. ढग बघून कळतं घर कोणी बांधलं. एका सुताराने दुसऱ्याचा ढग उचलायचा नाही. गावात असे शंभराहून जास्त प्रकार आहेत. मी मान वर करून करून मोजत होते, वीसनंतर मान दुखायला लागली.

हिदाच्या सुतारांची ख्याती फार जुनी. आठव्या शतकात या डोंगराळ प्रांताकडून राजधानीला कापड-धान्याचा कर घेत नसत, त्याऐवजी सुतार पाठवावे लागत. नाराची मंदिरं उभारण्यात त्यांचे हात लागलेले आहेत. स्टेशन आणि पाट यांच्या मध्येच या कारागिरांचं संग्रहालय आहे. तिथे लाकडी सांधे हातात घेऊन सोडवून-जुळवून बघता येतात. बाबांना एक सांधा सुटला, परत जुळवता आला नाही, शेवटी तिथल्या काकूंनी मदत केली.

---

मासोळी | रविवार, दुपारी १२:२०

मत्स्यशास्त्र शिकलेली आहे, म्हणून माशांबद्दल थोडं.

हा मासा आपल्याला परका नाही. कोई म्हणजे रंगीत कॉमन कार्प, आणि कॉमन कार्प म्हणजे आपल्या धरणांवरचा ‘सायप्रिनस’. बाजारात कोळीणमावशीकडे मागता तोच, फक्त तो सोनेरी-करडा. रंग माणसांनी निवडून निवडून आणले. जपानच्या नीगाता भागात, यामाकोशी आणि ओजिया परिसरात, डोंगरात भातखाचरांना पाणी देणाऱ्या तळ्यांत शेतकरी काळे कार्प पाळत, हिवाळ्यात खायला. एकोणिसाव्या शतकात त्यात अधूनमधून लाल, पांढरे ठिपके असलेली पिल्लं निघायला लागली. ती न खाता कोणीतरी वेगळी ठेवली, त्यांची जोडी लावली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते मासे मांडले आणि देशभर माहीत झाले. २००४ च्या भूकंपात यामाकोशीची कित्येक तळी फुटली, मासे गेले. ज्यांनी वाचवता येतील तेवढे वाचवले त्यांनी पुन्हा उभारणी केली.

कानकाठचीताई, तुम्ही पाहिलेला पांढरा, डोक्यावर एकच लाल ठिपका असलेला, तो ‘तांचो’. लाल डोक्याच्या क्रौंच पक्ष्यावरून ते नाव आहे.

हिवाळ्यात त्यांना हलवतात ते अगदी योग्य. कार्प थंडीला घाबरत नाही, तळाशी गप्प पडून राहतो. पण शरीर इतकं मंदावतं की वरून बर्फाचे ढीग पडले तर तो हलूही शकणार नाही. शिवाय दीड मीटरच्या उथळ पाटात लपायला खोल पाणी नाही. साधारण दहा अंशांच्या खाली पाणी गेलं की त्याला खायला घालायचंच नाही, पचत नाही. कार्पला जठर नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं. म्हणून पाव, बिस्किटं, चिवडा टाकू नका, तिथे ठेवलेलंच खाद्य द्या आणि थोडं द्या. आईंनी थोडं थोडं पेरलं ते शास्त्रशुद्ध आहे!

---

रोखठोक | रविवार, दुपारी ३:०५

सुंदर लिहिलंय. वाचताना वाईटही वाटलं. आमच्या शहरातून एक नदी वाहते, तिला आम्ही नाला म्हणतो. जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त आहे. आपल्याकडे असे मासे सोडले तर पहिल्या रात्रीच कढईत जातील. आपल्याकडे हे कधीच होणार नाही.

---

कानकाठची | रविवार, संध्याकाळी ६:३०

@रोखठोक, तुमची तळमळ समजते. पण रक्ताची गोष्ट मला पटत नाही, आणि याच कारणासाठी मला हा धागा लिहायचा होता.

सेतोगावाही घाण झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात कारखाने वाढले, माणसं शहराकडे गेली, आणि याच पाटात गावकऱ्यांनी कचरा टाकायला सुरुवात केली. धुण्याला नळ आले, शेतं दूर गेली, पाटाची गरजच राहिली नाही. हे सगळं आपल्या नद्यांचंच वर्णन आहे ना? मग १९६८ साली गावातल्या लोकांनी तो साफ करायचं ठरवलं आणि त्यात कोई सोडले. शोभेसाठी म्हणून नाही सोडले. ज्या पाण्यात आपण सोडलेला मासा दिसतो त्या पाण्यात भांडं खरवडून ओतायला हात धजावत नाही, म्हणून सोडले. मासे राखणदार म्हणून आले. आज ते हजाराच्या आसपास आहेत.

आणि ते काम १९६८ मध्ये संपलेलं नाही. पाटाला ठिकठिकाणी लोखंडी जाळ्या आहेत, त्यात पानं अडकतात. ती रोज काठचे लोक काढतात. आम्ही सकाळी सातला पोचलो तेव्हा एक आजी, पाठीत वाकलेल्या, लांब दांड्याच्या दाताळ्याने जाळीवरची मेपलची पानं ओढून बादलीत भरत होत्या. आईने पुढे होऊन बादली धरली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. दहा मिनिटं एक ओढत होती, एक धरत होती. मग आजींनी आत जाऊन दोन पर्सिमन फळं आणून आईच्या हातात दिली.

तिथे एक शब्द शिकले, ‘सोबा-कुझुशी’. ‘सोबा’ म्हणजे गावाचा ठरलेला, सगळ्यांना मान्य असलेला दर्जा किंवा रीत, आणि ‘कुझुशी’ म्हणजे ती मोडणं. कोणी नवं घर बांधताना भडक रंग दिला, रांगेबाहेर उंच मजला चढवला तर त्याला सोबा-कुझुशी म्हणतात, आणि ते चांगलं बोलणं नसतं. तिथेही रीत मोडणारे असतात म्हणूनच तर त्याला शब्द आहे. शेजारी बोलतात, आणि बोलणं ऐकलं जातं.

---

रोखठोक | रविवार, संध्याकाळी ७:१५

हे माहीत नव्हतं. १९६८ पर्यंत तिथेही कचराच होता, हे वाचून जरा बळ आलं. माझा शब्द मागे घेतो. पण ‘शेजारी बोलतात आणि ऐकलं जातं’, ते कसं घडवायचं, हा माझा प्रश्न तसाच आहे.

---

जुनाजाणता | रविवार, रात्री ८:४५

मी धुळ्याचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आईसाहेबांनी ‘पाट’ म्हटलं त्यात फार मोठं सत्य आहे, म्हणून लिहितो.

साक्री-धुळे भागात पांझरा, कान आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. तीही तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्याला काढलेला पाट, पाटाखाली गावाची शिवारं ‘फडां’त वाटलेली. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याचा हिशेब एक राहतो. पाणी देणारा शेतकरी स्वतः नाही. गावाने नेमलेला पाटकरी ठरल्या क्रमाने पाणी देतो. राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात. दरवर्षी गाळ काढायला, झाडोरा तोडायला सगळ्या खातेदारांनी जायचं. जो आला नाही त्याचं काय करायचं हेही ठरलेलं.

रोखठोकसाहेब, शेजाऱ्याचं बोलणं ऐकलं जायचं ते असं. पाणी कोणाकडून येतं आणि पुढे कोणाकडे जातं हे प्रत्येकाला तोंडपाठ होतं. वरच्या अंगाला मोठी धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याचं त्याचं पाणी वेगळं झालं. बरेच फड मोडले. काही अजून चालू आहेत, मी स्वतः पाण्याच्या पाळ्या बघितल्या आहेत.

कानकाठचीताई, आईंचं माहेर कोणत्या फडावरचं, विचाराल का?

---

ओसाकाकर | सोमवार, सकाळी ८:००

सुरेख धागा. मी १५ जानेवारीला फुरुकावाला गेलो आहे, ‘सान्तेरा माइरी’साठी. तीन मंदिरांची फेरी: एन्कोजी, शिन्शुजी आणि होन्कोजी. हिवाळ्यात पाटात मासे नसतात, पण त्या संध्याकाळी पाटाच्या काठी मेणबत्त्या असतात, आणि रस्त्यात बर्फाचे माणसाएवढे खांब करून त्यात ज्योती लावलेल्या.

जोदो शिन्शू या बौद्ध पंथाचे संस्थापक शिनरान यांच्या स्मरणार्थ ही प्रथा सुरू झाली, दोनशे वर्षांहून जुनी. पुढे तिला वेगळा रंग चढला. या भागातल्या मुली नोमुगी खिंड ओलांडून शिन्शू प्रांताच्या (आजचं नागानो) रेशीम गिरण्यांत कामाला जायच्या. नवीन वर्षाला घरी यायच्या, नीटनेटकं नेसून या तीन मंदिरांत जायच्या, आणि मुलांकडची माणसं तिथे मुली बघायची. आता लग्न जमावं म्हणून पांढरी मेणबत्ती लावतात, जमलं की पुढच्या वर्षी येऊन लाल. 

मेणबत्त्या गावातच होतात. पिढ्यानुपिढ्या चालत आलेलं एक दुकान आहे. वात कागदावर गुंडाळलेल्या लव्हाळ्याच्या गाभ्याची, पोकळ. मेण एका झाडाच्या फळांचं, कढत मेण उघड्या तळव्याने वातीवर थर थर चढवतात. ज्योत मोठी आणि हलती, धूर कमी. त्या कारागिरांचा तळहात बघितला, अजून विसरलो नाही.

पायात घसरणार नाहीत असे बूट हवेत. मी दोनदा पडलो.

---

तळेगावची | सोमवार, सकाळी ११:३०

अशाच आणखी जागा कोणाला माहीत आहेत का? पश्चिम जपानमध्ये जाणार आहे.

---

ओसाकाकर | सोमवार, दुपारी १:१०

@तळेगावची, शिमाने प्रांतात त्सुवानो. किल्ल्याखालचं जुनं गाव, तोनोमाची रस्त्याच्या कडेच्या दगडी गटारांत कोई, जूनमध्ये काठाने जांभळी आयरिसची फुलं. तिथले मासे इतके धष्टपुष्ट की वळायला जागा शोधतात. मोठं आणि गजबजलेलं हवं असेल तर कुराशिकी: रुंद कालवा, वाकलेले विलो, पांढऱ्या वखारी. आणि नागोयाकडूनच जायचं तर गुजो-हाचिमान, तिथे घरांमागच्या इगावा बोळातल्या पाण्यात कोई आहेत आणि काठची माणसं तिथे अजून भांडी-भाज्या धुतात. माझं मत विचाराल तर कुराशिकी सगळ्यात शेवटी.

---

कानकाठची | सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. @जुनाजाणता, काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ‘जागल्या’ शब्दाला ती थांबली. म्हणाली, परत वाच. मग स्वतःच सांगायला लागली, मी आजवर हे कधी ऐकलं नव्हतं. माझे आजोबा तीन वर्षं पाटकरी होते. रात्रीची पाळी असली की ती लहान असताना कंदील घेऊन त्यांच्यामागे बांधावरून जायची. आजोबा दगड सरकवून पाणी फिरवायचे आणि पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारायचे. तिकडून ‘आलं’ असा आवाज आला की मगच घरी. दिवाळीनंतर गाळ काढायचा तेव्हा घरटी एक माणूस, आणि गाळातून निघालेले मासे लहान पोरांचे.

फडाचं नाव तिने सांगितलंय. गावाचं नाव इथे उघड लिहीत नाही, तुम्हाला निरोप पाठवते. तिला विचारायचंय की तो बंधारा अजून उभा आहे का. तुम्हाला माहीत असेल तर कळवा, ती फेब्रुवारीत परत येतेय.

आणि @मासोळी, तिचा तुमच्यासाठी प्रश्न: तळ्यात हलवताना तो लाल टिळ्याचा मोठा मासा जाळ्यात घाबरत असेल का?

---

मासोळी | सोमवार, रात्री १०:००

आईंना सांगा, थोडा घाबरतो. पण ओल्या हातांनी धरलं आणि पटकन पाण्यात सोडलं तर थोड्याच वेळात शांत होतो. कार्प माणसं ओळखायला शिकतो, खाद्य देणाऱ्याकडे येतो. त्या गावातले हात त्याला पन्नास वर्षांपासून माहीत आहेत, त्याला नसले तर त्याच्या आधीच्यांना.

---

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ६:५०

निरोप मिळाला. बंधारा उभा आहे. उजव्या बाजूचा पाट बुजलाय, डावा चालू आहे. पुढच्या रविवारी त्या बाजूला जातोय, फोटो काढून पाठवतो.